ह्यूस्टनमध्ये वीज कुणाकडून घ्यावी: गॅसवर वीज बनवणारी कंपनी की नुसती विकणारी?

ह्यूस्टनमध्ये घर बदललं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि पुण्या-नाशकातून आलेल्या माणसाला तो अगदी नवा असतो: वीज कुणाची घ्यायची? आपल्याकडे महावितरणचा मीटर असतो, बिल येतं, विषय संपतो. मुंबई उपनगरातल्यांना थोडी कल्पना असते, कारण तिथे २००९ पासून त्याच तारांवरून टाटांची वीज घ्यायची की आधी रिलायन्सची, आता अदानींची, हे ग्राहकाला ठरवता येतं. टेक्सासात कंपन्या डझनावारी आहेत आणि प्लॅन शेकडो. शुगर लँड, केटी, पेअरलँडच्या मराठी ग्रुपवर उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरात बहुतेक वेळा कुणाची तरी रेफरल लिंक मिळते. त्या लिंकने पन्नास डॉलर सुटतात, पण चुकीचा प्लॅन वर्षभरात त्याच्या चौपट-पाचपट खातो.

तारा सगळ्यांच्या त्याच आणि त्यातून येणारी वीजही तीच. कंपनी निवडताना तुम्ही खरं तर एवढंच ठरवता की गॅस महागला तर भुर्दंड कुणी सोसायचा. हे डोक्यात पक्कं असेल तर जाहिरातींचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

कोण काय करतं

टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २००२ पासून ग्राहकाला वीज विक्रेता निवडण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून कामाची तीन भागांत वाटणी आहे. वीज बनवणारे वेगळे, तारा-खांब-मीटर सांभाळणारे वेगळे आणि तुम्हाला बिल पाठवणारे वेगळे. बनवणारा आणि विकणारा एकाच घराण्यातले असू शकतात, पण तारांची कंपनी स्वतंत्रच राहते. ह्यूस्टनमध्ये ती सेंटरपॉइंट आहे, डॅलस-फोर्ट वर्थमध्ये ऑन्कोर. तारांचा आकार, म्हणजे तारा वापरण्याचं शुल्क, राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो प्रत्येक विक्रेत्याच्या बिलात जसाच्या तसा येतो.

म्हणून वादळात लाइट गेले तर विक्रेता बदलून काडीचा उपयोग नाही. ८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा सेंटरपॉइंटच्या वीस लाखांहून अधिक ग्राहकांकडे अंधार झाला. त्यात महागडा प्लॅन घेतलेले होते आणि स्वस्तातलेही. "मोठ्या कंपनीचे लाइट लवकर येतात" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाइट गेल्याची तक्रार सेंटरपॉइंटकडे करायची, बिलाची तक्रार विक्रेत्याकडे.

नवीन माणूस आणखी एका गोष्टीने गोंधळतो. सेंटरपॉइंटचं एक बिल घरी थेट येतं, ते स्वयंपाकाच्या आणि हीटरच्या गॅसचं. तिथे निवडीचा प्रश्नच नाही, तो पुरवठा त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. आपण बोलतोय ते फक्त विजेबद्दल.

आणि ही निवड सगळ्या टेक्सासला नाही. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओत वीज महापालिकेच्या मालकीची आहे, कॉनरोच्या बाजूला आणि वुडलँड्सच्या काही भागात एंटर्जी आहे, बऱ्याच ग्रामीण भागात सहकारी संस्था आहेत. तिथे घर घेणाऱ्याने पुढचं वाचून वेळ घालवू नये.

दर गॅसवरच का अडतो

टेक्सासच्या ग्रिडवर, म्हणजे अर्कॉटवर, वर्षभरातली साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के वीज नैसर्गिक वायूवर बनते. उरलेल्यात वाऱ्याचा वाटा सुमारे पाव, मग कोळसा, अणू आणि झपाट्याने वाढणारी सौर वीज. वारा आणि सूर्य फुकट असतात, म्हणून ते आधी वापरले जातात. राहिलेली गरज भागवायला गॅसचं केंद्र चालू करावं लागतं, आणि घाऊक बाजारात त्या क्षणी सगळ्यांत शेवटी चालू झालेल्या केंद्राचा भाव सगळ्यांना लागू होतो. ते शेवटचं केंद्र बहुतेक वेळा गॅसचंच असतं. उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो, एसी मात्र सगळीकडे चालू असतात. त्या तासाभरात भाव कसा उडी मारतो ते बघण्यासारखं असतं. १० ऑगस्ट २०२३ ला अर्कॉटची मागणी ८५,५०८ मेगावॉटवर गेली, तो उन्हाळा घाऊक बाजारात फार महाग गेला.

गॅसचं आधुनिक केंद्र कसं चालतं हे एकदा समजून घ्यावं, कारण खर्चाचा हिशेब तिथून सुरू होतो. गॅस जाळून टर्बाइन फिरतं. त्यातून सहाशे अंशांच्या आसपास तापलेला वायू बाहेर पडतो, त्याच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवतात. एकाच जळणातून दोनदा वीज मिळते, म्हणून अशी केंद्रं गॅसमधल्या ऊर्जेपैकी पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत वीज काढतात. जुन्या वाफेच्या केंद्रांना तिसरा हिस्साच जमतो. अशा केंद्रात हजार युनिटला अंदाजे सात एमएमबीटीयू (बाजारात गॅस मोजायचं एकक) गॅस लागतो. एमएमबीटीयूला गॅस ३ डॉलर असेल तर नुसत्या जळणाचे युनिटला साधारण २ सेंट पडतात, ९ डॉलर झाला तर ६ सेंटांच्या वर. आणि गॅस खरोखर एवढा हलतो: २०२० मध्ये सरासरी २ डॉलरच्या आसपास होता, ऑगस्ट २०२२ मध्ये ९ च्या वर गेला. तुमच्या प्लॅनचा दर गेल्या वर्षीपेक्षा का बदलला याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

गॅसवाले विक्रेते

चॅम्पियन एनर्जीपासून सुरुवात करतो, कारण गॅसवर वीज बनवणारी आणि घरोघर विकणारी कंपनी म्हणावी तर हेच नीट उदाहरण आहे. चॅम्पियन ही ह्यूस्टनची विक्रेता कंपनी, २०१५ मध्ये कॅल्पाइनने ती विकत घेतली. कॅल्पाइनची स्थापना १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झाली, मुख्यालय नंतर ह्यूस्टनला आलं. देशभरात मिळून तिची क्षमता पंचवीस हजार मेगावॉटच्या वर आहे आणि त्यातली जवळजवळ सगळी गॅसवर. कॅलिफोर्नियातली गीझर्स ही भूगर्भातल्या वाफेवरची केंद्रं तेवढी अपवाद. ह्यूस्टनकरांनी हायवे २२५ ने डियर पार्ककडे जाताना रिफायनऱ्यांच्या गर्दीत तिची केंद्रं पाहिली असतील, पण वेगळी ओळखली नसतील. डियर पार्क, पासाडीना, चॅनल, बेटाउन अशी शिप चॅनलच्या काठाने ती बसलेली आहेत. या भागात वीज आणि वाफ एकत्र बनवून वाफ शेजारच्या कारखान्याला विकण्याची पद्धत आहे, त्यामुळे ही केंद्रं नुसत्या विजेच्या भावावर अवलंबून नसतात. जानेवारी २०२५ मध्ये कॉन्स्टेलेशन या अणुवीज बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने कॅल्पाइन घेण्याचा करार जाहीर केला. ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, कारण फक्त एका इंधनावर उभी असलेली कंपनी त्या इंधनाबरोबर वरखाली होते.

चॅम्पियनचे घरगुती प्लॅन मला आवडतात ते त्यांच्या साधेपणामुळे. भडक सवलती कमी, दर सरळ. जाहिरात फारशी नाही, म्हणून नवीन माणसाला नाव माहीत नसतं.

रिलायंटचं तसं नाही, त्यांची पाटी बेसबॉलच्या सामन्यात दिसते तशी विमानतळावरही. (नावात साम्य असलं तरी अंबानींच्या रिलायन्सशी यांचा संबंध नाही.) ह्यूस्टनची जुनी वीज कंपनी फुटली तेव्हा तारा सेंटरपॉइंटकडे गेल्या आणि ग्राहक रिलायंटकडे. २००९ पासून रिलायंट एनआरजीच्या मालकीची आहे. ग्रीन माउंटन आणि डायरेक्ट एनर्जी हीसुद्धा एनआरजीचीच नावं, त्यामुळे रिलायंट सोडून डायरेक्टकडे गेलेला माणूस त्याच घरात दुसऱ्या दाराने शिरतो. फोर्ट बेंड काउंटीत राहणाऱ्यांना थॉम्प्सन्सजवळचं पॅरिश केंद्र ठाऊक असेल, लांबून धुरांडी दिसतात. साडेतीन हजार मेगावॉटच्या वर क्षमतेचं हे केंद्र एनआरजीचं, त्यात कोळसाही जळतो आणि गॅसही. पण एनआरजी स्वतः बनवते त्यापेक्षा विकते जास्त, उरलेली बाजारातून घ्यावी लागते. ग्राहकसेवा चांगली, ॲप उत्तम, फोन पटकन उचलला जातो, आणि या सगळ्याचे पैसे दरात असतात. जुन्या ग्राहकाला कराराच्या नूतनीकरणात मिळणारा दर आणि त्याच दिवशी नव्या ग्राहकाला मिळणारा दर या दोहोंत बऱ्याचदा अंतर असतं. नूतनीकरणाचं पत्र आलं की सही करण्याआधी नवा ग्राहक म्हणून दर बघायचाच.

तिसरी टीएक्सयू एनर्जी, डॅलसकडची जुनी कंपनी. तिची मालक व्हिस्ट्रा, मुख्यालय अर्व्हिंगला. अँबिट आणि फोरचेंज हीसुद्धा व्हिस्ट्राचीच. गॅसबरोबर कोळसा आणि ग्लेन रोझजवळचं सुमारे २,४०० मेगावॉटचं कोमांची पीक अणुकेंद्र तिच्याकडे आहे. इंधनांची विविधता तिघींत हिची सर्वांत चांगली. रात्री फुकट विजेचे प्लॅन हिनेच लोकप्रिय केले.

केंद्र असलेली कंपनी बुडत नाही का?

बुडते. हे मुद्दाम सांगतोय, कारण "त्यांचं स्वतःचं केंद्र आहे, म्हणजे भक्कम" असं सरसकट म्हटलं जातं. कॅल्पाइनने कर्ज काढून गॅसची केंद्रं धडाक्याने बांधली, पुढे गॅस महागला आणि डिसेंबर २००५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, २००८ च्या सुरुवातीला बाहेर आली. टीएक्सयूची गोष्ट नेमकी उलट. २००७ मध्ये गुंतवणूकदारांनी ती सुमारे ४५ अब्ज डॉलरना घेतली, कारण गॅस महागच राहील आणि कोळसा-अणूवरची स्वस्त वीज चढ्या भावाने विकता येईल असा त्यांचा होरा होता. मग शेल खडकातला गॅस बाजारात आला, भाव कोसळले आणि २०१४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. एक गॅस महागल्याने गेली, दुसरी स्वस्त झाल्याने. पण दिवाळखोरीच्या त्या वर्षांत टीएक्सयूच्या घरगुती ग्राहकांची वीज चालूच राहिली. ज्याच्याकडे चालती केंद्रं असतात त्याला कर्ज देणारे पुन्हा उभं करतात, कारण विकून टाकण्यापेक्षा चालू ठेवण्यात त्यांचा फायदा असतो.

आपल्या लोकांना यातलं दुसरं टोक माहीत आहे. गुहागर तालुक्यातला दाभोळचा प्रकल्प ह्यूस्टनच्याच एन्रॉनचा. तिथल्या करारात इंधनाच्या भावाचा आणि डॉलरचा बोजा राज्य वीज मंडळावर टाकलेला होता. पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, नाफ्था महागला, रुपया घसरला, मंडळाला वीज परवडेना आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. महाराष्ट्राने त्याची किंमत पुढे अनेक वर्षं मोजली. प्रकल्प किती मोठा यापेक्षा करारात जोखीम कुणाच्या नावावर लिहिली आहे हे बघायला हवं होतं. टेक्सासातल्या तुमच्या दोन पानी वीज करारालाही हेच लागू आहे.

ज्यांच्याकडे केंद्र नाही

बाकीच्या बहुतेक कंपन्या घाऊक बाजारातून वीज घेऊन विकतात. त्यातल्या शहाण्या कंपन्या तुम्ही करार केला की तुमच्या अंदाजे वापराएवढी वीज पुढच्या वर्षासाठी आधीच ठरल्या भावाने घेऊन ठेवतात. म्हणजे केंद्र नसलं तरी जोखीम बांधलेली असते. काही कंपन्या मात्र पैसे वाचवायला थोडी उघडीच ठेवतात. बाहेरून ग्राहकाला यातला फरक ओळखता येत नाही, हीच खरी अडचण. २००८ च्या उन्हाळ्यापूर्वी घाऊक भाव चढले तेव्हा अशा काही लहान कंपन्या बंद पडल्या, २०२१ नंतरही काही गेल्या.

विक्रेता बंद पडला तर घरात अंधार होत नाही. आयोगाने नेमलेला शेवटच्या आधाराचा विक्रेता तुम्हाला आपोआप घेतो. पण त्याचा दर महाग असतो आणि तुमचा जुना ठरलेला दर गेलेला असतो, तोही नेमका बाजार तापलेला असताना. तिथून दंड न भरता कधीही निघता येतं, म्हणून असं पत्र आलं तर त्याच दिवशी दुसरा प्लॅन घ्यायचा.

फेब्रुवारी २०२१ ने काय शिकवलं

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अर्कॉटने वीज तोडायला सुरुवात केली. गोठवणाऱ्या थंडीत गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, गॅस पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरना लागणारी वीज तुटली, म्हणून केंद्रांना गॅस मिळेना, म्हणून आणखी वीज तुटली. चाळीस लाखांहून अधिक घरं अंधारात आणि थंडीत होती. राज्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसं गेली. एरवी घाऊक बाजारात दोन-तीन सेंटांना मिळणाऱ्या युनिटचा भाव ९ डॉलर या कमाल मर्यादेवर जवळपास चार दिवस राहिला.

तेव्हा ग्रिडी नावाची कंपनी होती. महिना ९.९९ डॉलर घ्यायची आणि वीज घाऊक भावाने द्यायची. कित्येक महिने तिच्या ग्राहकांचे पैसे खरोखर वाचले. त्या आठवड्यात मात्र काहींना हजारो डॉलरची बिलं आली. मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर विधिमंडळाने घरगुती ग्राहकाला असे घाऊक भावाशी जोडलेले प्लॅन विकायला बंदी केली, आणि २०२२ पासून घाऊक भावाची कमाल मर्यादा युनिटला ५ डॉलरवर आणली गेली.

केंद्रवाल्यांचं काय झालं? व्हिस्ट्राची केंद्रं होती, पण गॅसच पुरेसा मिळाला नाही. ग्राहकांना द्यायची वीज बाजारातून आग लागल्या भावाने घ्यावी लागली आणि एक अब्ज डॉलरहून बराच मोठा तोटा झाला. तरी स्थिर दराच्या प्लॅनवर असलेल्या टीएक्सयूच्या ग्राहकाचा दर होता तोच राहिला. तो तोटा कंपनीने पचवला, कारण पचवण्याइतकी ती मोठी होती. माझ्या मते केंद्रवाली कंपनी घेण्याचं खरं कारण हेच एक. केंद्र असल्याने वीज जास्त मिळते असं नाही, दर कमी असतो असंही नाही. वाईट आठवड्यात करार पाळायची ऐपत मात्र असते.

आता दर: तक्त्यात दडलेली गोष्ट

आयोगाची पॉवर टू चूज ही सरकारी साइट आहे, तिथे पिन कोड टाकला की प्लॅन दिसतात. प्रत्येक प्लॅनबरोबर एक तक्ता असतो, त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिटला सरासरी दर किती पडेल ते छापलेलं असतं. साइट १,००० युनिटच्या दराने क्रम लावते आणि कंपन्या नेमका त्या आकड्यालाच गाठतील असा प्लॅन रचतात. दोन प्लॅनचं उदाहरण देतो. आकडे सोपे करून घेतलेत, पण असे प्लॅन रोज दिसतात. तारांचा आकार दोन्हीत सारखा धरलाय: युनिटला ५ सेंट आणि महिना साडेचार डॉलर.

प्लॅन अ: विजेचा दर सरळ १० सेंट.
प्लॅन ब: विजेचा दर १४ सेंट, पण १,००० युनिट किंवा जास्त वापरले तर ८० डॉलर माफ.

| महिन्याचा वापर | अ चं बिल | ब चं बिल |
|---|---|---|
| ७०० युनिट | १०९.५० डॉलर | १३७.५० डॉलर |
| ९५० युनिट | १४७ डॉलर | १८५ डॉलर |
| १,००० युनिट | १५४.५० डॉलर | ११४.५० डॉलर |
| २,००० युनिट | ३०४.५० डॉलर | ३०४.५० डॉलर |
| २,५०० युनिट | ३७९.५० डॉलर | ३९९.५० डॉलर |

साइटवर ब वर येणार, ११.४५ सेंट. अ खाली जाणार, १५.४५ सेंट. पण ह्यूस्टनमधलं गॅस हीटर असलेलं चार बेडरूमचं घर बघा. नोव्हेंबर ते मार्च ७०० युनिट, एप्रिल आणि ऑक्टोबर ९५०, मे मध्ये १,५०० आणि जून ते सप्टेंबर महिना २,३०० धरा. वर्षाचा हिशेब केला तर अ ला २,४६९ डॉलर आणि ब ला २,७१३. "स्वस्त" प्लॅन २४४ डॉलरनी महाग पडला. ९५० युनिटच्या महिन्यात तर पन्नास युनिट वाचवल्याची शिक्षाच मिळते. माफीवाला प्लॅन ज्याचा वापर बाराही महिने हजार ते दोन हजारांत बसतो त्यालाच जमतो. असं घर माझ्या पाहण्यात विरळाच.

तुमचा आधीचा वापर स्मार्ट मीटर टेक्सास या साइटवर पंधरा-पंधरा मिनिटांचा मिळतो. त्यासाठी बिलावरचा १७ किंवा २२ अंकी ईएसआय आयडी, म्हणजे तुमच्या वीजजोडणीचा क्रमांक, लागतो. नवीन घर असेल तर आधीच्या मालकाला विचारा, नाहीतर शेजाऱ्यांना. तेवढ्याच आकाराच्या घराचा ऑगस्टचा वापर कळला तरी पुरे.

रात्री किंवा शनिवार-रविवार फुकट वीज देणाऱ्या प्लॅनमध्ये उरलेल्या वेळेचा दर बराच जास्त असतो. दोघंही दिवसा घरून काम करत असाल आणि एसी दुपारी चालत असेल तर हा प्लॅन तुमचा नाही. घरी इलेक्ट्रिक गाडी असेल, ती रात्रीच चार्ज होत असेल आणि दिवसा घरात कुणी नसेल, तर मात्र टीएक्सयूचा किंवा रिलायंटचा असा प्लॅन खरोखर फायद्याचा ठरतो. छतावर सोलर असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा आणि तुमची जादा वीज कोण कोणत्या दराने परत घेतं एवढंच बघा.

नुकतेच आलेले

ज्यांचा अमेरिकेत क्रेडिट इतिहास नाही त्यांच्याकडे मोठ्या कंपन्या डिपॉझिट मागतात. आयोगाच्या नियमाप्रमाणे ते वर्षाच्या अंदाजे बिलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा किंवा पुढच्या दोन महिन्यांच्या बिलापेक्षा, यातलं जे जास्त असेल त्यापेक्षा, मोठं असू शकत नाही. सलग बारा बिलं वेळेवर भरली की ते व्याजासह परत मिळतं. डिपॉझिट टाळायला लोक प्रीपेड प्लॅनकडे वळतात, तिथे दर जास्त असतो आणि शिल्लक संपली की वीज लगेच तुटू शकते. लहान मूल घरात असेल तर मी प्रीपेडचा सल्ला कधीच देणार नाही. डिपॉझिट द्यावं, ते परत येतं. इथे रिलायंट किंवा टीएक्सयूसारखी मोठी कंपनी बरी, कारण डिपॉझिट ज्याच्याकडे ठेवायचं तो वर्षभर टिकणारा हवा.

अपार्टमेंटच्या ऑफिसात एका ठरावीक कंपनीचं नाव पुढे केलं जातं. मीटर तुमच्या नावावर असेल तर ती सक्ती नाही. वर्षभरात गाव किंवा घर बदललं तर त्याचा पुरावा दाखवून करार मोडण्याचा दंड माफ होतो. त्यामुळे नोकरी बदलेल या भीतीने महिन्यामहिन्याचा महाग प्लॅन घेण्याची गरज नाही.

मग कुणी काय घ्यावं

दोन-तीन वर्षांचा दर बांधून निवांत राहायचं असेल तर केंद्र असलेल्या घराण्यातली कंपनी घ्या. पहिली पसंती चॅम्पियनच्या सरळ प्लॅनला. तिथे दर पटला नाही तर व्हिस्ट्राच्या कंपन्या बघा, आणि त्यांत टीएक्सयूच्या नावाने न जाता फोरचेंजचाही दर काढा, मालक एकच असतो. एनआरजीचंही तसंच, सेवा आणि ॲपला तुम्ही किंमत देत असाल तर रिलायंट, नाहीतर त्यांच्याच दुसऱ्या नावाखाली स्वस्त मिळतं का ते पाहा.

बारा महिन्यांचाच करार हवा असेल तर केंद्र नसलेली कंपनी घ्यायला माझी हरकत नाही, फक्त दरातला फरक युनिटला एक सेंटाच्या वर असावा. एक सेंट म्हणजे वर्षाला १६,००० युनिट वापरणाऱ्या घराचे १६० डॉलर, तेवढ्यासाठी थोडी जोखीम चालते. अर्ध्या सेंटासाठी चालत नाही. चोवीस किंवा छत्तीस महिने अशा कंपनीकडे बांधून घेऊ नका, कारण तितक्या काळात गॅस एकदा तरी उसळी घेतोच. आणि दर महिन्याला बदलणारा प्लॅन घरगुती माणसाने घ्यावा असं एकही कारण मला सापडत नाही.

करार घेताना संपण्याचा महिना आधी बघा. ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत संपणारा करार म्हणजे बाजार सगळ्यांत महाग असताना नवा दर शोधणं. शाळा सुरू व्हायच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, बरीच कुटुंबं इथे येतात. त्यांनी बाराऐवजी आठ-नऊ महिन्यांचा प्लॅन शोधावा, म्हणजे तो एप्रिलच्या आसपास संपतो आणि तेव्हा दर सहसा नरम असतात. करार संपण्याच्या आधीच्या चौदा दिवसांत दंड न भरता कंपनी बदलता येते. काहीच केलं नाही तर तीच कंपनी तुम्हाला महिन्यामहिन्याच्या दरावर टाकते आणि तो सहसा जुन्यापेक्षा बराच जास्त असतो. संपण्याची तारीख बिलावर छापलेली असते. प्लॅन घेतल्याच्या दिवशीच ती फोनच्या कॅलेंडरवर टाका, वीस दिवस आधीची.